रोज सकाळी टाळलेली तपासणी

शाळेच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिक काढायलाही कुणी पुढं होत नव्हतं. ते मी काढलं. हिंगोलीला रोज बसनं जाऊन तीन महिन्यांचा कोर्स करून आलेला आमच्या शाळेत मी एकटाच होतो. हुद्द्यानं मी लिपिक. सगळे मला बाबू म्हणायचे. पण त्या दिवसापासून मी ‘कॉम्प्युटरवाले बाबू’ झालो. प्रिंटर अडकला, बाबू. अक्षरं चौकोनी दिसायला लागली, बाबू. एखाद्या सरांचा मोबाईल बंद पडला तरी ते वर्ग सोडून माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. आमची शाळा शिरड शहापूरच्या रस्त्याला लागून आहे, शे-दीडशे उंबऱ्यांच्या गावात. एवढ्या गावात माणसाला मान मिळायच्या जागा मोजक्याच असतात. त्यातली एक माझ्या वाट्याला आली होती आणि पंधराएक वर्षं ती माझ्याकडंच राहिली.

मग जूनमध्ये विज्ञानाच्या नव्या मॅडम रुजू झाल्या.

वय अठ्ठावीस-तीस. गाव विचारलं तर तिनं पुसेगावजवळचा बंजाऱ्यांचा तांडा सांगितला. मी ‘अच्छा’ म्हणालो आणि रुजू अहवालाचा कागद तिच्यापुढं सरकवला. खरं सांगायचं तर त्या ‘अच्छा’त बरंच काही होतं. आमच्या घरात तांड्यावरच्या माणसांकडं बघायची एक रीत होती. ती मला कुणी शिकवली नाही, पण ती माझ्यात उतरली होती. तिनं सही केली, कागद परत दिला आणि म्हणाली, “काका, प्रिंटरची शाई संपत आलीय वाटतं, पट्टे पडून राहिलेत.”

तोवर शाळेत मला कुणी काका म्हणालं नव्हतं.

दिवाळीपर्यंत निम्मा स्टाफ तिच्याकडं वळला. ती काही कुणाला बोलवत नव्हती, एवढं मी तेव्हाही कबूल केलं असतं. तिला एखादी गोष्ट येत नसली तर ती ‘थांबा, बघते’ म्हणायची, दोन मिनिटं मोबाईलवर वाचायची आणि करून मोकळी व्हायची. मला जे यायचं ते मी कधी कुणाला दाखवून केलं नव्हतं. समोरच्याला पडद्यावरचं दिसणार नाही अशी खुर्ची ठेवायचो. ती मात्र विचारणाऱ्यालाच खुर्चीत बसवायची आणि मागं उभी राहून, इथं दाबा, आता तिथं दाबा, असं सांगायची. हळूहळू गणिताचे सर स्वतःच शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला लागले. माझ्या टेबलाशी येणारी माणसं कमी झाली.

घरी मी रोज तिच्याबद्दल बोलायचो. ती कशी पुढं पुढं करते, मोठ्या सरांना कशी गोड बोलते. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. एकदा बायको भाकरी थापता थापता म्हणाली, “तुमी जेवायला बसले की तिचंच बोलून राहिले. आमचं काई इचारत न्हाई.” मी ताटावरून उठलो नाही, पण त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही.

आता कॉम्प्युटरचं सांगतो.

आमच्याकडं लाईट दिवसातून दोन-तीनदा जाते. पूर्वी लाईट गेली तरी मशीन पंधरा मिनिटं चालेल अशी बॅटरी होती. ती दिवाळीच्या सुमारास मेली. मग चालू काम मध्येच तुटायचं, पडदा काळा व्हायचा. असं सात-आठदा झालं आणि एका सकाळी मशीन सुरू करताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळी आल्या. डिस्क तपासायची गरज आहे, तपासणी टाळायची असेल तर कोणतंही बटण दाबा, असा त्यांचा अर्थ. खाली दहापासून उलटे आकडे. पहिल्या दिवशी मी काही दाबलं नाही. तपासणी सुरू झाली आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत चालूच राहिली. टी.सी. न्यायला आलेला एक पालक बाहेर पायरीवर बसून होता. मोठे सर चिडले. शेवटी मी मशीन बंद करून परत सुरू केलं आणि दहाचे सहा व्हायच्या आत बटण दाबलं. विंडोज उघडली. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी परत तेच आलं. तिसऱ्या दिवशीही. तपासणी एकदाही पूर्ण होऊ दिली नाही, म्हणून मशीन रोज मागणी करत होतं आणि मी रोज ती टाळत होतो. पण बघणाऱ्याला ते वेगळंच दिसायचं. काळा पडदा यायचा, आकडे पळायला लागायचे, बघणारा घाबरायचा, मी शांतपणे तीन-चार बटणं दाबायचो आणि म्हणायचो, “झालं.” दाबायचं एकच होतं. बाकीची मी उगीच दाबायचो.

त्या डिस्कवर शाळेचं सगळं होतंच, पण माझंही एक काम होतं. शाळेची जुनी प्रवेश रजिस्टरं मी टाईप करत होतो. तीन वर्षं, वेळ मिळेल तसं. त्यांतलं सगळ्यात जुनं रजिस्टर निजामाच्या काळातलं, उर्दूत लिहिलेलं. गावातल्या जुन्या शाळेतून ते आमच्याकडं आलं होतं. गावात उर्दू वाचणारे एकच उरले होते, एक म्हातारे शिंपीचाचा. दर शुक्रवारी नमाज झाली की ते ऑफिसात यायचे, चष्मा कपाळावर चढवून पान डोळ्यांजवळ न्यायचे आणि एकेक नोंद वाचायचे. मी टाईप करायचो. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. कारणाच्या रकान्यात बऱ्याचदा एकच शब्द असायचा, ‘काश्तकारी’. शेती. चाचा प्रत्येक वेळी तो शब्द वाचून थोडं थांबायचे. रजिस्टर संपलं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते वारले. रजिस्टरालाही वाळवी लागली होती, काही पानांची जाळी झाली होती. दाखल्यासाठी जुनी नोंद शोधत लोक लांबून यायचे आणि मी ती अर्ध्या मिनिटात काढून द्यायचो. हे एक काम असं होतं की ते मॅडमनं केलेलं नव्हतं.

जानेवारीत पुण्याला नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला बिनवायरचा कीबोर्ड आणि माऊस भेट पाठवला. जुन्या कीबोर्डाची अक्षरं पुसली होती, काही बटणं दोनदा दाबावी लागायची. मॅडमनं खोकं उघडलं, कीबोर्डात सेल घातले, नखाएवढा एक तुकडा मशीनच्या पुढच्या बाजूला खोचला आणि कीबोर्ड मोठ्या सरांच्या हातात दिला. सरांनी टेबलाच्या पलीकडून टाईप केलं तर अक्षरं पडद्यावर उमटली. सगळा स्टाफ हसला. शिपाई मामांनी जुना कीबोर्ड वायर गुंडाळून कोठीत ठेवला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात मी पोचायच्या आधी ती आलेली होती. मशीन सुरू केलेलं. काळा पडदा, आकडे. तिनं बटण दाबलं. काही झालं नाही. दुसरं दाबलं, लांबडं दाबलं, मग पाचही बोटांनी दाबलं. आकडे शून्यावर आले आणि तपासणी सुरू झाली. तिनं सेल काढून परत घातले. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. तो चहा मला अजून आठवतो. इतका गोड चहा मामांनी आधी कधी केला नव्हता.

“काका, हे घेऊनच नाही राहिलं,” ती म्हणाली.

मी कप ठेवला, कोठीतून जुना कीबोर्ड आणला, मशीन बंद केलं, त्याची गोल पिन मागं खोचली, परत सुरू केलं आणि पहिल्याच दाबण्यात काम झालं. मोठे सर तोवर आले होते. ते म्हणाले, “बाबू, शेवटी वायरचं ते वायरचं.” एवढ्या एका वाक्यावर माझा आठवडा निघाला.

ती मात्र पडद्याकडं बघत होती. म्हणाली, “पण काका, हे रोज काहून तपासायचं म्हणतं? एकदा होऊ द्यावं का पूर्ण?”

मी म्हणालो, मशीन जुनं आहे, त्याला सवय लागलीय. आणि दहावीच्या प्रात्यक्षिकाचे गुण भरायचे असताना मशीन दिवसभर अडकवून कसं चालेल? मोठ्या सरांनी मान हलवली. ती हजेरीपट घेऊन वर्गावर गेली.

तेव्हापासून जुना कीबोर्ड मी माझ्या कपाटात ठेवायला लागलो, कुलपात. सकाळी मी यायचो, कीबोर्ड काढायचो, लावायचो, बटण दाबायचो आणि परत कपाटात. मग दिवसभर सगळे नवा वापरायचे. विंडोज उघडली की तो बराबर चालायचा. मी येईपर्यंत मशीनला कुणी हात लावायचं नाही, असं आपोआपच ठरलं. मला उशीर झाला तर मामा फाटकापर्यंत बघायला यायचे. पुन्हा पूर्वीचे दिवस आल्यासारखं वाटायचं.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. त्याच आठवड्यात मी हिंगोलीला गेलो होतो, बियाण्याच्या कामानं. तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या ओळखीच्या दुकानात सहज म्हणून विचारलं. दुकानदार तरुण होता, बोलता बोलताच दुसऱ्या मशीनचे स्क्रू काढत होता. तो म्हणाला, तो तुकडा पुढच्या निळ्या खाचेत असेल तर ती खाच विंडोज आल्यावरच जागी होते. मागच्या काळ्या खाचेत लावा आणि सुरुवातीच्या सेटिंगमध्ये कीबोर्डाचं एक कलम असतं ते चालू करा. दोन मिनिटांचं काम. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, “अन् ते तपासणं रोज टाळू नका. एकदा होऊन जाऊ द्या. डिस्क खराब होऊन राहिली असंल.”

मी दोन्ही गोष्टी ऐकल्या. वहीत लिहूनही घेतल्या. परत येताना बसमध्ये ती वही माझ्या मांडीवर होती. मनात सरळ हिशोब होता. पहिली गोष्ट सांगितली तर माझी सकाळ जाते. दुसरी सांगितली तर ती मॅडम बरोबर होती असं होतं. मी वही पिशवीत टाकली.

फेब्रुवारीत आमच्या शेतातली हळद काढून झाली होती. ती शिजवायचा कुकर गावात एकच फिरतो, ट्रॅक्टरला जोडून आणतात. आपली पाळी आली की आली, सोडली तर दहा दिवस हळद पडून राहते. मी रजा टाकली. सकाळी आठपासून आम्ही भट्टीपाशी होतो. वाफ, धूर, अंगाला पिवळा वास. साडेदहाला फोन वाजला. शाळेचा नंबर. तेव्हा खिशाला हात लागला आणि कपाटाची किल्ली हाताशी आली.

किल्ली मी मुद्दाम नेली नव्हती. हे मी आजही शपथेवर सांगेन. पण फोन मी मुद्दाम उचलला नाही. हात ओले आहेत असं मी मनाशी म्हणालो. मग परत वाजला, तेव्हा हात कोरडे होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बायको म्हणाली, “घ्या की, काहीतरी तकलीफ असंल.” मी म्हणालो, एक दिवस माझ्यावाचून चालतंय का बघू दे त्यांना. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग हळद उपसायला गेली. पुढं दिवसभर फोन आला नाही. मला ते बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मशीन दिवसभर अडकलेलं असेल, पालक पायरीवर बसलेले असतील, मोठे सर तिच्यावर चिडले असतील, असं चित्र मी रंगवत होतो आणि त्या चित्रातही मला चैन पडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फाटकातच मामा भेटले. काय घडलं ते त्यांनीच सांगितलं.

मी फोन उचलेना तेव्हा मॅडम मोठ्या सरांना म्हणाली की, आता टाळायचा काही मार्ग नाही, तर तपासणी पूर्ण होऊ देऊ. सर कुरकुरले, पण दुसरा उपाय नव्हता. तिनं नववीचा वर्ग ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात बसवला आणि शिकवता शिकवता दर थोड्या वेळानं आत येऊन पडद्यावरचा आकडा खडूनं भिंतीच्या फळ्यावर लिहिला. एका ठिकाणी आकडा तासभर हलला नाही. सर म्हणाले, बंद करा. ती म्हणाली, आता मध्येच बंद केलं तर आहे ते जाईल. चारच्या सुमारास तपासणी संपली, मशीन उघडलं. पडद्यावर डिस्कचे काही भाग खराब असल्याचं लिहून आलं होतं. ते वाचल्याबरोबर तिनं पिशवीतून स्वतःची छोटी डिस्क काढली आणि शाळेचं सगळं त्यात उतरवायला घेतलं. त्यात औंढ्याच्या तिच्या खोलीवर जायची जीप चुकली. मामांच्या सुनेनं तिला स्कूटीवर सोडलं.

मामा सांगत होते आणि माझा राग चढत होता. माझ्या तीन वर्षांच्या कामाला तिनं हात लावला, मला न विचारता. मी तसाच ऑफिसात गेलो. ती मशीनसमोर होती. बिनवायरच्या कीबोर्डावर काहीतरी टाईप करत होती. मशीनच्या पुढच्या खाचेत तो नखाएवढा तुकडा नव्हता.

“माझी रजिस्टरं तुम्ही मला न विचारता काहून उतरवली?” मी विचारलं.

ती वळली. आवाज न चढवता म्हणाली, “फोन केला होता काका. तीनदा.”

मी पिशवी टेबलावर ठेवली. तीच पुढं म्हणाली, “हा रिसीव्हर मागं लावून पाहिला. आता सुरू होतानाबी बटण घेतं. तुम्हाला रोज कपाट उघडायची तकलीफ नाही.” त्यात टोमणा होता का, हे मी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं. हिंगोलीहून वहीत लिहून आणलेली आणि तीन आठवडे दाबून ठेवलेली गोष्ट तिनं स्वतःच एका दिवसात काढली होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी मशीन सुरूच झालं नाही. काळा पडदासुद्धा आला नाही. आतून टक टक असा आवाज येत राहिला, बारीक, न थांबता. मी कान लावून ऐकलं. मोठ्या सरांनी हिंगोलीहून माणूस बोलावला. मोटारसायकल आत आली तेव्हा मी ओळखलं. तोच दुकानदार.

त्यानं डिस्क काढली, हातात हलवली, आपल्या लॅपटॉपला लावून बघितली. गेली, म्हणाला. काही निघणार नाही. मोठे सर बाहेर जाऊन फोनवर बोलायला लागले. खोलीत तो, मॅडम आणि मी, तिघंच उरलो. नवी डिस्क बसवता बसवता तो माझ्याकडं बघून अगदी सहज म्हणाला, “बाबू, मी तुमाला तवाच म्हणलं होतं ना, तपासू द्या म्हणून. अन् त्या कीबोर्डाचंबी सांगितलं होतं.”

मॅडम स्क्रू गोळा करत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. तिनं स्क्रू वाटीत टाकले आणि दुकानदाराला विचारलं की, माझ्या छोट्या डिस्कवरचं सगळं आता यात भरता येईल का. मोठे सर आत आल्यावर ती त्यांना सांगेल, अशी मला भीती वाटली. तिनं सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मला वाटतं, तिनं सांगितलं असतं तर मी तिचा राग राग करून सुटलो असतो.

सगळं परत आलं तसं मी आधी रजिस्टरं उघडली. उर्दूवालं रजिस्टर पूर्ण होतं, पहिल्या नोंदीपासून शेवटच्या ‘काश्तकारी’पर्यंत. मी खुर्चीत मागं टेकलो. पण नंतरच्या दोन रजिस्टरांच्या फाईली उघडेनात. डिस्कच्या खराब झालेल्या भागावर त्या होत्या. दिवाळीतच तपासणी होऊ दिली असती तर वाचल्या असत्या का, हे मी दुकानदाराला विचारलं नाही. त्यानं खरं सांगितलं असतं.

ती दोन रजिस्टरं मराठीत होती आणि कागद शाबूत होते. म्हणजे परत टाईप करायची. मी एकट्यानंच सुरुवात केली. चार-पाच दिवसांनी परीक्षेच्या काळात तास रिकामे असताना ती आली आणि खुर्ची ओढून बसली. “मी वाचते, तुम्ही घ्या. लवकर होईल,” म्हणाली. मला नको होतं. पण नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

ती भरभर वाचायची. जुनं वळणदार अक्षर, फिकी शाई, तरी तिला अडायचं नाही. मला ज्या शब्दावर पूर्वी दहा मिनिटं लागली होती तो ती एका नजरेत वाचायची. आणि तेव्हाही, एवढं सगळं झाल्यावरही, माझ्या मनात आलं की, हे तरी हिला यायला नको होतं. हेवा काही अपराधीपणाला घाबरून पळून जात नाही. दोघं एकाच बाकावर बसतात.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी एक पान संपलं तेव्हा मी बोटं बटणांवरच ठेवून, तिच्याकडं न बघता बोललो. सगळं सांगितलं. दुकानदाराचा सल्ला, वही, बसमधला विचार, हळदीच्या भट्टीपाशी वाजलेला फोन. काका म्हटल्याचा राग आला होता, हेही सांगितलं. तांड्याचं तेवढं सांगता आलं नाही. ते तिला ठाऊक असणार असं वाटलं.

तिनं रजिस्टर मिटलं नाही. पानावर बोट तसंच ठेवून बसली.

“मला राग आला होता काका,” ती म्हणाली. “लई आला होता. दुकानदार बोलला त्या रात्री याडीला फोनवर सांगितलं, त्या शाळेत नाही राहायचं म्हणून.” तिच्या घरी आईला याडी म्हणतात. “पण सकाळी गुण भरायची शेवटची तारीख होती. रागवत बसले असते तर ते राहिलं असतं.”

मी काहीतरी माफीसारखं बोललो. ती म्हणाली, “व्हय, ते झालं आता. पुढची नोंद घ्या.” आणि तिनं वाचायला सुरुवात केली. मला टाईप करताना दोन शब्द चुकले. ज्या गोष्टीनं मला महिनाभर झोप लागली नव्हती ती तिनं एका ओळीत खाली ठेवली होती. मला कधीही अशी ठेवता आली नसती. त्याचाही मला हेवा वाटला.

एप्रिलमधल्या बैठकीत मोठ्या सरांनी कॉम्प्युटरचं काम मॅडमकडं दिल्याचं जाहीर केलं. गणिताच्या सरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मीही वाजवल्या. मनातून होत्या का, असं विचाराल तर नव्हत्या. संध्याकाळी घरी गेल्यावर मी बैलांच्या गव्हाणीपाशी बराच वेळ उभा राहिलो. मग हात धुऊन जेवायला बसलो. बायकोनं ताटात जास्तीचं लोणचं वाढलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी निकालाच्या दिवशी तिची आई शाळेत आली. लेकीला घेऊन तांड्यावर जायचं होतं. डोक्यावर पदर, हातात कापडाची पिशवी, कानांत चांदीचे मोठे दागिने. मॅडम निकाल वाटत होती म्हणून मामांनी तिला ऑफिसात आणून बसवलं. मी पाणी दिलं. तिनं पाणी पिऊन माझ्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं की, रजिस्टर लिहिणारे बाबू तुमीच का.

मी हो म्हणालो.

ती म्हणाली, “पोरगी सांगती घरी. उर्दूचं बुक होतं, वाळवी लागलेलं, ते तुमी सगळं मशीनमधी घेतलं म्हणं. एवढं काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, असं म्हणती ती.”

मी खाली बघितलं. जूनपासून माझ्या घरी मी तिच्याबद्दल काय काय बोललो होतो, ते एकेक आठवायला लागलं. त्यात एकही बरं वाक्य नव्हतं. लेक हुशार आहे, हे सांगायला हवं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि अडलं. मी विचारलं, यंदा तुमच्याकडं तूर कशी झाली.

ती खूश झाली. खुर्ची थोडी पुढं ओढून सांगायला लागली की तूर फुलावर होती तेव्हा आठ दिवस आभाळ राहिलं, अळी पडली, तरी खालच्या वावरातली बरी निघाली. मी ऐकत राहिलो. मॅडम येईपर्यंत तिनं सगळी शेती सांगितली. उठताना ती म्हणाली, या एकदा तांड्यावर. मी म्हणालो, येतो. मग दारापर्यंत गेलेल्या तिला मी मागून हाक मारली आणि म्हणालो, “तुमची पोरगी लई चांगलं काम करती.”

ती थांबली, हसली आणि म्हणाली, “व्हय, करती.” मॅडमनं ते ऐकलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. ती आईची पिशवी घेऊन पुढं चालायला लागली होती.